माळढोकाच्या शेजारी तीन रात्री

बडोद्याची मराठी मंडळी जैसलमेरला जातात ती सोनेरी किल्ला पाहायला, पटव्यांच्या हवेलीपुढे छायाचित्र काढून घ्यायला आणि समच्या वाळूत घटकाभर उंटावर बसायला. त्यात वावगे काही नाही. आम्हीही वीस वर्षांपूर्वी तसेच जाऊन आलो होतो. गेल्या मार्गशीर्षात मात्र जैसलमेरचा योग पुन्हा आला तो एका पक्ष्यासाठी. आणि तोही अशा एका माणसाच्या हट्टापायी, ज्याला समोरचे धड दिसत नाही.

हा माणूस म्हणजे माझे वडील. वय वर्षे ८६. मूळचे सोलापूरकडचे, आई गेल्यापासून आमच्याकडे बडोद्यास राहतात. गेली पाच-सहा वर्षे त्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होत चालला आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नाही, परंतु कडेने कोणी गेले तर कळते. वर्तमानपत्र माझी मुलगी वाचून दाखवते. एके दिवशी तिने माळढोक पक्ष्याविषयीची एक बातमी वाचली. मुक्त रानातले हे पक्षी आता दीडशेहूनही कमी उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक सारे राजस्थानात आहेत, असे तीत होते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तिकडे एकदा न्याल का?"

"बाबा, तुम्हांला दिसणार आहे का तो?" माझ्या तोंडून निघून गेले आणि मी जीभ चावली.

"मला नाही दिसला तरी चालेल. मी तिथे असलो म्हणजे झाले."

माळढोक हे नाव आमच्या सोलापूरकडचे. माळावर ढोकासारखा उंच उभा राहणारा, म्हणून माळढोक, असे बाबा सांगतात. आमच्या गुजरातेत त्याला घोराड म्हणतात, राजस्थानात गोडावण. पक्षी एकच आणि त्याचे दैवही तिन्ही ठिकाणी जवळजवळ एकच. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आज तेथे तो नुसता दिसला तरी बातमी होते. कच्छमध्ये नलियाकडे १९९२ साली जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. तेथला नर पुढे दिसेनासा झाला आणि मोजक्या माद्या मागे राहिल्या. भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरवायचा होता तेव्हा सालिम अली यांचे मत या पक्ष्याकडे होते. १९६३ साली मान मोराला मिळाला. राजस्थानने पुढे गोडावणला आपला राज्यपक्षी केले, आणि त्याचे शेवटचे मोठे घर आज त्याच राज्यात, थरच्या वाळवंटात आहे.

अहमदाबादेहून रात्रीच्या गाडीने जोधपूर गाठले आणि तेथून दिवसाच्या गाडीने जैसलमेर. हा दुसरा टप्पा खिडकीशी बसून करावा असा आहे. फलोदी, रामदेवरा, पोकरण अशी स्टेशने मागे पडतात, हळूहळू शेती संपते, झाडे खुजी होत जातात आणि आकाश वाढत जाते. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. आपल्याकडे एखाद्या आषाढी झडीत जेवढे पडते तेवढ्यात येथल्या माणसांना आणि गुरांना वर्ष काढायचे असते.

जैसलमेर जवळ येताच क्षितिजावर पवनचक्क्या दिसू लागल्या. २००१ सालापासून त्या येथे उभ्या राहू लागल्या. आता मोजू म्हटले तरी मोजता येत नाहीत. त्यांच्या मधून विजेच्या तारांच्या रांगा चारी दिशांना गेलेल्या. आमच्या मुलीला ते दृश्य फार आवडले. "धूर नाही, काजळी नाही, वाऱ्यावर वीज!" ती म्हणाली. मलाही तेव्हा ते खरेच वाटले.

उतरण्याची जागा ह्यांनी शोधली होती. समच्या बाजूला तंबूंच्या वसाहतींची दाटी आहे. तेथे रात्री ध्वनिवर्धकावर गाणी आणि रोषणाई असते. ते आम्हांला नको होते. शहरातल्या हवेलीत उतरावे, तर पहाटे उद्यान गाठण्यासाठी मध्यरात्री उठावे लागणार. म्हणून खुहडी गावाच्या अंगाला, वाळूच्या टेकाडांपासून जरा दूर असलेले एक मध्यम खर्चाचे विश्रामस्थान ठरवले. बडोद्यातल्या बऱ्यापैकी हॉटेलात नुसत्या खोलीचे जेवढे भाडे पडते, तेवढ्यात येथे दोन वेळचे जेवण आणि सकाळचा चहाही मिळतो. राजेशाही थाट नाही आणि धर्मशाळाही नव्हे.

आठ-नऊ गोल झोपड्या, मध्ये सारवलेले अंगण, अंगणाच्या एका कडेला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या कडेला एक जुने खेजडीचे झाड, एवढाच तो पसारा. झोपडीच्या मातीच्या भिंती हातभर जाड. बाहेरून शेण-मातीचा हात फिरवलेला आणि त्यावर पांढऱ्या रंगाची नक्षी. छपराला खींप नावाच्या वाळवंटी झुडपाच्या काड्या. आत दोन बाजा, जाड रजया, एक कोनाडा आणि छताला लोंबणारा एकच दिवा. तो सौर ऊर्जेवर चालणारा. रात्री दहाच्या सुमारास मालक तो बंद करीत. न्हाणीघर प्रत्येक झोपडीला स्वतंत्र होते, पण गरम पाणी बादलीने येई. चुलीवर मोठे पातेले चढवलेले असे. माणशी एक बादली.

आमच्या घरच्यांची स्वच्छतेची कल्पना दोन बादल्यांची आहे. पहिल्या सकाळी ह्यांनी दुसरी बादली मागितली. मालकांनी नकार दिला नाही. त्यांनी ह्यांना अंगणातल्या एका झाकणापाशी नेले आणि झाकण उचलून आत पाहायला सांगितले. तो टांका होता. पावसाळ्यात अंगणावर आणि भोवतालच्या उतारावर पडलेले पाणी त्या जमिनीखालच्या हौदात उतरते आणि वर्षभर पुरवायचे असते. आता नळाचेही पाणी येते, पण त्याचा दिवस ठरलेला नसतो. ह्यांनी आत डोकावून पाहिले, झाकण स्वतःच लावले, आणि पुढचे दोन दिवस अर्धी बादली मुलीसाठी शिल्लक ठेवली. तूप सांडले तर सांडो, पाणी सांडू नये, असे या मुलखात म्हणतात ते उगीच नव्हे.

जेवण साधे आणि फार चवदार. बाजरीची जाड भाकरी, जिला ते सोगरा म्हणतात. तिच्यावर लोण्याचा गोळा, लसणाची झणझणीत चटणी, कढी आणि केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे काय, असे बाबांनी विचारले तेव्हा मालकांनी अंगणातल्या खेजडीकडे बोट केले. त्या झाडाच्या वाळवलेल्या शेंगा. खेजडी म्हणजे आपली शमी. बाबा हसले. "आम्ही वर्षातून एकदा दसऱ्याला हिची पूजा करतो आणि विसरून जातो. तुम्ही हिला रोज जेवता." मालक म्हणाले, "बाबोसा, हिच्यासाठी माणसांनी माना दिल्या आहेत." ते खरेच आहे. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० साली खेजडीची झाडे तोडू न देता ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. अशा झाडाखाली बसून त्याच्याच शेंगांची भाजी खाताना घास जरा हळूच गिळला जातो.

मालक मध्यमवयीन, मितभाषी राजपूत गृहस्थ. संध्याकाळी शेकोटीपाशी बसले म्हणजे थोडे मोकळे होत. मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाविषयी त्यांनीच आम्हांला नीट समजावून सांगितले. जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र ३१६२ चौरस किलोमीटर आहे. नाव राष्ट्रीय उद्यानाचे असले, तरी १९८० साली घोषणा झाली ती अभयारण्य म्हणून. आत अनेक गावे आणि ढाण्या आहेत, शेते आहेत, गुरे आहेत. वन्य पशूंसाठीच्या कायद्यामुळे रस्ता, खांब, नवे बांधकाम, कशालाही परवानगी लागते आणि ती सहजी मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

"लहानपणी आम्ही शाळेत जाताना गोडावण दिसायचा," ते म्हणाले. "आमच्या आजाने त्याला कधी दगड मारला नाही. आज आम्हांला सांगतात, पक्ष्यासाठी अंधारात राहा. बरे, राहिलो. पण कुंपणापलीकडे पाहा. आमच्या ढाणीत दिवा नाही, आणि आमच्या डोक्यावरून गावोगावची वीज चालली आहे."

ते कोणाच्या गावाची म्हणाले नाहीत. आम्हीही विचारले नाही. पण बडोद्यातले आमचे वातानुकूलन यंत्र, दोन शीतकपाटे आणि दिवसभर चालणारा दूरचित्रवाणी संच, एवढे सगळे त्या शेकोटीपाशी येऊन बसले आहे, असे मला वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीपने सुदासरीला निघालो. परवान्याची व्यवस्था मालकांनी आधीच करून ठेवली होती. थंडी विलक्षण. बाबांना दोन स्वेटर, मफलर, कानटोपी आणि वरून रजई अशा थाटात पुढे बसवले होते. सुदासरीला वनखात्याने गवताळ जमीन कुंपण घालून राखली आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या लाटा येतात. पण माळढोकाचे घर वाळूत नाही. ते आहे सेवण गवताच्या माळावर, जेथे दूरवर दिसते, टोळ आणि सरडे मिळतात, बोरे आणि केर मिळतात. चराईने किंवा नांगराने तो माळ गेला की पक्षीही गेला. सोलापूरकडे आणि कच्छमध्ये आधी माळ गेले.

त्या सकाळी चिंकारे दिसले, अगदी जवळून. एक वाळवंटी कोल्हा आपल्या बिळाशी ऊन खात बसला होता. गिधाडे दिसली, गरुड दिसले. माळढोक दिसला नाही. चार तास फिरून आम्ही परत फिरलो. मुलगी हिरमुसली. बाबा मात्र शांत होते. "अरे, एवढा मोठा माळ! तो काय आपल्यासाठी फाटकात उभा राहणार आहे?" ते म्हणाले.

परतताना कुंपणापासून बऱ्याच अंतरावर वाटाड्याने जीप थांबवली आणि वर पाहायला सांगितले. विजेच्या तारांवर ठरावीक अंतराने लहान चकत्या टांगलेल्या होत्या. त्या वाऱ्याने फिरत होत्या आणि उन्हात चमकत होत्या. पक्ष्याला तार कळावी म्हणून त्या लावतात. मग त्याने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत देते.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला फार जड पक्षी. पूर्ण वाढलेला नर मीटरभर उंच आणि पंधरा किलोपर्यंत वजनाचा असतो. पंख पसरले की दोन मीटरांहून अधिक भरतात. एवढे वजन घेऊन उडताना त्याला ऐन वेळी वळता येत नाही. त्यातून त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. गवतात लपून येणारा शत्रू बाजूने दिसावा, म्हणून निसर्गाने केलेली ही योजना. त्यामुळे बाजूचे त्याला उत्तम दिसते, पण नेमके समोरचे फार थोडे दिसते. आणि उडताना तो खालची जमीन न्याहाळू लागला की पुढची वाट त्याला दिसतच नाही. हजारो वर्षे त्याचे काही अडले नाही, कारण माळावर समोर आडवे येणारे काही नव्हतेच. आता तारा आल्या. एकट्या थरमध्ये वर्षाला सुमारे १८ माळढोक तारांवर आपटून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. जो पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो, त्याला एवढी तूट भरून काढता येत नाही.

बाबा लक्षपूर्वक ऐकत होते. चेहरा नेहमीप्रमाणे थोडा वळवलेला, कारण तसे केले की त्यांना कडेने काही दिसते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखेच." आणि पुढे काही बोलले नाहीत.

त्या रात्री दहाला दिवा गेला. मुलगी आजोबांच्या झोपडीतच झोपत असे. मीही रजई घेऊन तेथे जाऊन बसले होते. दार किंचित उघडे होते आणि त्यातून तारे दिसत होते. बडोद्याला सुरसागराच्या काठावरून आपण जे चार-दोन तारे पाहतो, त्यांचा आणि या ताऱ्यांचा काही संबंध असेल असे वाटत नाही. दूर समच्या बाजूने, वारा फिरला की, गाण्याचा ठेका अस्पष्ट ऐकू येई आणि विरून जाई. बाबा जागे होते. अंधारातूनच त्यांचा आवाज आला.

"मी एकदा त्याचे अंडे उचलले होते."

मुलगी उठून बसली.

बाबा दहा वर्षांचे असताना सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या आपल्या गावी गुरांमागे माळावर गेले होते. गवतातून एक भलामोठा पक्षी अचानक उठला आणि जवळच उतरला. जेथून उठला तेथे उघड्या जमिनीवर, काड्यांचे घरटेसुद्धा नाही अशा जागी, एक मोठे अंडे पडले होते. बाबांनी ते टोपीत घातले आणि घरी आणले. घरी आजीने पाहिले मात्र, ती भयंकर रागावली. "लेकुरवाळीचे एकच असते रे ते. आत्ताच्या आत्ता ठेवून ये." बाबा परत गेले. पण तोवर दिवस कलला होता. सगळा माळ सारखाच दिसत होता. कुठे झुडूप नाही की खूण नाही. अंधार पडेपर्यंत ते हिंडले. शेवटी कुठल्या तरी गवताच्या बुंध्याशी ते अंडे ठेवले आणि घरी येऊन आजीला सांगितले, ठेवले म्हणून.

"होते त्याच जागी ठेवले, असे सांगितले मी तिला. ती बरे म्हणाली. पंचाहत्तर वर्षे झाली. तुझ्या आईलाही सांगितले नव्हते."

मी काय बोलणार? हजार माळढोक बंदुकीने मेले, नांगराने गेले, तारांनी मेले. त्यांत दहा वर्षांच्या पोराने उचललेल्या एका अंड्याचा हिशेब तो काय? पण हे मी बोलले नाही. कारण एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, न दिसणारे डोळे घेऊन ते कशासाठी आले होते, हे आता मला कळले होते. आणि ज्याचा हिशेब त्यानेच करायचा असतो.

बोलली ती मुलगी. "आजोबा, इथे समला त्यांचे केंद्र आहे ना? तिथे रानातली अंडी मुद्दाम उचलून आणतात. यंत्रात उबवतात. २०१९ पासून."

"आणि पिल्ले जगतात?"

"जगतात. तिथली पिल्ले मोठी होऊन आता त्यांनाही पिल्ले झाली आहेत. रामदेवराला दुसरे केंद्रही झाले आहे. २०२४ साली तर कृत्रिम रेतनाने पिल्लू झाले."

"म्हणजे ते अंडे उचलतात, पण ठेवायचे कुठे ते त्यांना ठाऊक असते," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांच्या घोरण्याचा आवाज येऊ लागला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघालो. ह्यांनी जीपमध्ये बसताना बजावले, "आज दिसला नाही तर कोणी तोंड वाईट करायचे नाही." सूर्य हातभर वर आला असेल. वाटाड्याने एकाएकी हात वर केला आणि जीप थांबली. दोनेकशे पावलांवर सेवण गवतातून एक पांढरी मान वर आली. डोक्यावर काळी टोपी, पाठ तपकिरी. मान ताठ ठेवून ती एक पाऊल टाकी, थांबे, पुन्हा पाऊल टाकी. एखाद्या जुन्या घराण्यातल्या वृद्ध स्त्रीने देवळात जावे तशी. मादी आहे, असे वाटाड्या कुजबुजला.

मुलगी आजोबांच्या कानाशी लागली. "आजोबा, उजवीकडे आहे. गवत गुडघ्याएवढे आहे. आता थांबली. आता मान खाली घातली. काहीतरी टिपले. आता पुन्हा चालते आहे."

बाबांनी हळूहळू मान डावीकडे वळवली. ज्या दिशेला पक्षी होता तिच्याकडे जवळजवळ पाठच केली म्हणा ना. आणि तसेच, डोळ्याच्या कडेने, ते पाहत राहिले.

"पांढरे काही हलते आहे," ते म्हणाले. "आहे. आहे."

पाचेक मिनिटे गेली असतील. मग ती चार पावले धावली, ते प्रचंड पंख उघडले आणि जमिनीलगत, सावकाश, ती उडाली. आणि मौज अशी की, इतक्या दुरून जिला पाहायला आलो तिच्याकडे आमच्यापैकी कोणीच पाहत नव्हते. आम्ही सारे ती चालली होती त्या दिशेच्या क्षितिजाकडे पाहत होतो, तेथे तार आहे का ते. तेथे तार नव्हती. ती गवतात उतरली आणि दिसेनाशी झाली. जीपमध्ये सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला.

तारांचा हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला आहे. आपल्या वांकानेरचे आणि वन्यजीव कायद्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा, त्या एम. के. रणजितसिंह यांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. २०२१ साली न्यायालयाने माळढोकाच्या मुलखातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. पुढे २०२४ साली, एवढ्या विस्तृत प्रदेशात ते सरसकट करणे शक्य नाही, आणि हवामान सांभाळायचे तर सूर्याची व वाऱ्याची वीजही हवी, असे म्हणून तो आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही बाजूंना अर्थ आहे, हे मी जाणते. धूर नको म्हणून जी वीज आपण मागतो तीच या पक्ष्याच्या वाटेत आडवी येते, आणि यात दुष्ट असा कोणीच नाही. दुष्ट सापडला असता तर गोष्ट सोपी होती. पण तार कोठून न्यावी, किती खोल न्यावी, तिला चकत्या लावाव्यात की नाही, याला जो जास्तीचा खर्च येतो तो कोणी द्यायचा, एवढे तरी आपल्यासारख्या दिवे लावणाऱ्यांनी विचारायला हवे. अंगणात एका दिव्यावर राहणाऱ्या मालकांनी तो खर्च आधीच देऊन टाकला आहे.

वाचकांपैकी कोणाला जायचे असल्यास दोन-चार गोष्टी सांगून ठेवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दुपारी ऊन लागते आणि रात्री हाडे गोठतात, म्हणून दोन्हींची तयारी ठेवावी. निदान तीन रात्रींचा मुक्काम हवा, कारण पहिल्या दिवशी पक्षी भेटेलच असे नाही. वयस्कर माणसे बरोबर असल्यास झोपडी न्हाणीघराला लागून आहे ना, उंबरा किती उंच, हे आधी विचारून घ्यावे. विजेरी न्यावी, पण रानात तिचा झोत कोठेही टाकू नये. पक्ष्याच्या मागे जीप नेण्याचा आग्रह वाटाड्याला करू नये. अंड्यावरून एकदा उठलेली मादी म्हणजे काय, ते वर आलेच आहे. सवड असेल तर बाडमेर रस्त्यावर जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर आकल येथे दगड झालेली झाडे पाहावीत. १८ कोटी वर्षांपूर्वी या वाळवंटात अरण्य होते, हे तेथे हाताने चाचपून पाहता येते. परतताना फलोदीला उतरून खीचनचे कुरजा पक्षीही पाहावेत. दूर उत्तरेतून हिवाळ्यासाठी आलेल्या त्या हजारो पाहुण्यांना गावकरी दाणे घालतात.

निघताना मालकांनी बाबांच्या हाती वाळलेल्या सांगरीची पुडी ठेवली. "बाबोसा, खम्मा घणी. पुन्हा या." बाबा म्हणाले, "मी नाही आलो तर ही येईल," आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही बडोद्याला परतलो त्याला आता काही महिने झाले. सांगरी संपली. ह्यांची आंघोळ पुन्हा दोन बादल्यांवर गेली आहे, पण दुसरी भरताना ते क्षणभर थांबतात असे मला वाटते. बाबांचा क्रम मात्र बदलला आहे. पूर्वी ते वर्तमानपत्रातले राजकारण आधी ऐकत. आता संध्याकाळी मी दिवा लावला, नात शेजारी येऊन बसली, की चेहरा जरा बाजूला वळवून ते पहिला प्रश्न विचारतात, "समची पिल्ले किती झाली ग?"